गोल्डनरॉडचा ठिपका: फोटो की हर्बेरियमची शीट?

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये गोल्डनरॉड ही पिवळ्या फुलांची रानवनस्पती कुठे कुठे आहे हे पाहायला कुणी जीबिफचा, म्हणजे जगभरच्या जीवनोंदींच्या ऑनलाइन संग्रहाचा, नकाशा उघडतं आणि नदीकाठचे सगळे ठिपके सरसकट मोजून मोकळं होतं. त्यांतले काही आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर लोकांनी टाकलेले फोटो असतात, काही हर्बेरियममधल्या (वनस्पतींच्या नमुना-संग्रहालयातल्या) शीट, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवलेले कागद. या दोन्हींची आंधळी बेरीज मला अजिबात मान्य नाही.

फोटोची नोंद तुम्हाला माहीतच आहे. मोबाईल तारीख आणि ठिकाण टिपतो, नाव इतर लोक सुचवतात. ठिकाणाच्या बाबतीत फोटोच बहुधा सरस. १९३८ मध्ये एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या वनस्पतीशास्त्रज्ञ होड्यांतून कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन पार करत वनस्पती गोळा करत होत्या, तेव्हा जीपीएस नव्हतं. अशा जुन्या नमुन्यांना अक्षांश-रेखांश बहुतेकदा मागाहून बसवलेले असतात. म्हणून नकाशात कड्यावर पडलेल्या ठिपक्यावरून झाड किती उंचीवर वाढतं हे ठरवू नका.

खरी गल्लत नावात होते. शीटवरचं नाव हे कुणाचं तरी मत असतं. पुरावा म्हणजे तिथे चिकटवलेली वनस्पती. नदीकाठच्या ओलाव्यात वाढणारी युथामिया ऑक्सिडेंटालिस घ्या. नटॉल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. टॉरी आणि ग्रे यांनी १८४२ मध्ये तिला सॉलिडॅगोत, म्हणजे गोल्डनरॉडच्या प्रजातीत नेलं. आज ती पुन्हा युथामियात आहे, पण जुन्या लेबलांवर ‘सॉलिडॅगो ऑक्सिडेंटालिस’ कायम आहे. त्याच कॅन्यनच्या प्रदेशात सॉलिडॅगो व्हेलुटिना हा खरा गोल्डनरॉडही वाढतो. लांबून काढलेल्या फोटोत दोन्ही म्हणजे नुसते पिवळे झुपके, आणि पानाचा जवळून फोटो नसेल तर वाद तिथेच अडतो.

शीट असेल तर भिंग घ्या. युथामियाच्या अरुंद पानांवर राळेचे बारीक ठिपके दिसतात. एक फूल, म्हणजे खरं तर पुष्पकांचा गुच्छ, कोमट पाण्यात भिजवून उघडा. युथामियात कडेची जिभेसारखी पुष्पकं मधल्या नळीसारख्या पुष्पकांपेक्षा जास्त भरतात. खालची पानं आणि जमिनीखालचं खोड गोळा केलेलं असेल तर काम आणखी सोपं. तपासणारा नवं नाव, स्वतःचं नाव आणि साल लिहून चिठ्ठी लावतो. जुनं लेबल जागचं हलत नाही. अशी चिठ्ठीवर चिठ्ठी चढलेली शीट मला एकही चिठ्ठी नसलेल्या शीटपेक्षा कितीतरी विश्वासाची वाटते.

त्याच नदीवर ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्लेन कॅन्यनबाबत तर दुसरा इलाजच नाही. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि त्या कॅन्यनचा बराचसा तळ लेक पॉवेल या जलाशयाखाली गेला. तिथल्या जुन्या नोंदीचं नाव आज पडताळायचं तर तेव्हाची शीटच काढावी लागते.

म्हणून जीबिफवर आधी ‘प्रिझर्व्हड स्पेसिमेन’ (जतन केलेला नमुना) हा फिल्टर लावा. मग हर्बेरियमचा संक्षेप, बारकोड आणि शेवटची ओळख कुणी, कोणत्या साली पटवली, हे तिन्ही लिहून घ्या.