माहजोंग सॉलिटेअर: सोंगट्या जुन्या, खेळ नवा

संगणकावर एकट्याने खेळायचा माहजोंग हा फार प्राचीन चिनी खेळ असावा, असा बहुतेकांचा समज असतो. सोंगट्यांवरची चिनी अक्षरे, ड्रॅगन, कासवासारखा रचलेला ढीग, सगळा थाटच तसा आहे. प्रत्यक्षात हा खेळ १९८१ साली अमेरिकेत जन्मला, तोही थेट संगणकावर.

सोंगट्या मात्र खऱ्याच जुन्या. चार जणांनी खेळायचा मूळ माहजोंग एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये आकाराला आला आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याचे वेड पसरले. तो रमीच्या जातकुळीतला: सोंगटी उचलायची, नको ती टाकायची, संच जमवायचे. एका संचात १४४ सोंगट्या. वर्तुळे, बांबू आणि अक्षरे या तीन रंगांच्या १०८, चार दिशांच्या वाऱ्यांच्या १६, ड्रॅगनच्या १२, आणि फुले व ऋतू मिळून ८. एकट्याच्या खेळाने हा संच जसाच्या तसा उचलला. नियमांशी मात्र काही नाते ठेवले नाही.

तो घडवला ब्रॉडी लॉकार्ड यांनी. स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे जिम्नॅस्ट १९७९ मध्ये ट्रॅम्पोलिनवरच्या अपघातात जायबंदी झाले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. तोंडात काठी धरून, एकेक कळ दाबत त्यांनी ‘प्लेटो’ या यंत्रणेवर हा खेळ लिहिला. इलिनॉय विद्यापीठात शिक्षणासाठी उभारलेल्या या यंत्रणेवर खेळांचीही बरीच चलती होती. ‘कासव’ नावाच्या शतकानुशतके जुन्या चिनी खेळावरून कल्पना सुचली, असे लॉकार्ड सांगत. त्या कासवाचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही.

आणि मला विचाराल तर तो सापडणे अवघडच आहे. तळाच्या थरात ८७ सोंगट्या, त्यावर ३६, मग १६, मग ४ आणि शिखरावर एकच. डाव बसला की हे सगळे पुन्हा पिसायचे आणि पुन्हा रचायचे. मांडणीला लागणारा वेळ खेळापेक्षा जास्त! हे किचकट काम यंत्राने क्षणात करून टाकले, तेव्हाच या खेळात राम आला.

१९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने तो ‘शांघाय’ या नावाने, लॉकार्ड यांच्याच रचनेनुसार, मॅकिंटॉशवर आणला. माउस तेव्हा घरोघरी नवा होता, आणि इथे तर नुसते दोन सोंगट्यांवर क्लिक करायचे होते. पुढे तो जवळजवळ प्रत्येक यंत्रावर गेला. खेळाच्या नियमांना अमेरिकेत कॉपीराइट मिळत नसल्याने नकलाही भराभर निघाल्या. मायक्रोसॉफ्टने १९९०च्या खेळसंचात ‘तैपेई’ दिला, २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर ‘माहजोंग टायटन्स’. बहुतेकांची ओळख झाली ती अशा ऑफिसच्या संगणकावर आयत्या मिळालेल्या खेळातूनच.

नियम मिनिटभरात कळतो: जिच्यावर काही नाही आणि जिची डावी किंवा उजवी कड मोकळी आहे, तीच सोंगटी उचलता येते, तीही जुळणाऱ्या चित्राच्या जोडीनेच. मेख पुढे आहे. फुले व ऋतू सोडले तर प्रत्येक चित्राच्या चार सोंगट्या असतात. तीन मोकळ्या दिसल्या की कुठल्या दोन उचलायच्या? चुकीच्या उचलल्या आणि उरलेल्या दोघींत एक दुसरीच्या खालीच दडलेली निघाली, की डाव संपला. कासवाच्या डाव्या टोकाची एकटी सोंगटी तर दोन ओळी अडवून बसते, आणि शिखरावरची एक तिच्याखालच्या चारही. म्हणून मुरलेला खेळाडू सोप्या जोड्या सोडून आधी या टोकांच्या मागे लागतो.

गणितज्ञांनाही या प्रश्नाने बराच काळ गुंतवले. झाकलेल्या सोंगट्या ठाऊक असल्या तरी डाव सुटेल की नाही हे ठरवणे, मांडणी मोठी होत गेली की, संगणकालाही अवघड जाते, हे सिद्ध झाले आहे. नेहमीच्या कासवात यादृच्छिक मांडलेल्या डावांपैकी सुमारे ३ टक्के डाव खालचे सगळे दिसत असले तरी सुटतच नाहीत. म्हणून नंतरचे बरेच खेळ डाव उलटा रचतात: रिकाम्या ढिगात एकेक जोडी अशी बसवत जायची, की त्याच क्रमाने मागे येता यावे. असा डाव सुटणारा असतो हे नक्की. पण खेळणारा भलतीच जोडी उचलून त्यातही अडकू शकतो.