गाव सोडलं की शेतही सोडायचं? जावातल्या १९६१ च्या नियमाची पार्श्वभूमी

इंडोनेशियात परदेशी माणसाला मालकी हक्कानं जमीन घेता येत नाही, हे बालीतल्या व्हिलांच्या जाहिराती वाचणाऱ्यांनाही माहीत असतं. जावाच्या खेड्यातल्या माणसाला नडणारा नियम मात्र वेगळाच आहे. शेतजमीन ज्या केचामातानमध्ये (काही गावांचा मिळून होणारा, आपल्या तालुक्याहून लहान घटक) असेल, तिथेच मालकानं राहिलं पाहिजे. जाकार्तात खासगी नोकरी करणाऱ्याला, तो जन्मानं इंडोनेशियन असला तरी, मध्य जावातल्या आपल्या गावची भातखाचरं कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावावर ठेवता येत नाहीत. लाखो लोक ती ठेवून आहेत, हा भाग निराळा.

या नियमाची मुळं जुन्या गावगाड्यात दिसतात. एकोणिसाव्या शतकात जावातल्या बऱ्याच गावांत जमीन सामाईक असे आणि वाटा मिळे तो वेठ भरणाऱ्या घराला. रस्ते, कालवे, सरकारी पिकं या सगळ्यांसाठी राबायचं, त्या बदल्यात खाचराचा तुकडा कसायचा. घर गावातून उठलं की वाटा दुसऱ्याकडे जाई. १८७० च्या डच कायद्यानं ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची असं ठरवून टाकलं आणि मळेवाल्यांना दीर्घ मुदतीचे पट्टे दिले. गावाचा कागद म्हणजे करवसुलीची वही, आणि पुढची शंभर वर्षं बहुतेक कुटुंबांकडे तेवढाच पुरावा होता.

स्वातंत्र्यानंतर २४ सप्टेंबर १९६० ला मूलभूत जमीन कायदा आला आणि १८७० चा कायदा रद्द झाला. जुन्या सामाईक वाट्यांपैकी जे कायम एकाच घराकडे होते त्यांना मालकी मिळाली, जे फिरते होते त्यांना फक्त वापराचा हक्क. याच कायद्याच्या दहाव्या कलमात तत्त्व मांडलं गेलं, की शेतजमिनीचा हक्कदार ती जमीन स्वतः, सक्रियपणे कसेल. सोबत कमाल धारणेची मर्यादा आली. सर्वांत दाट वस्तीच्या भागात पाण्याखालची ५ हेक्टर, कोरडवाहू असेल तर ६. किमान २ हेक्टर हे उद्दिष्टही लिहिलं गेलं. जावात ते तेव्हाही स्वप्नच होतं आणि आज अर्ध्या हेक्टरहून कमी जमिनीवर जगणारी शेतकरी कुटुंबं देशभरात दीड कोटीच्या वर आहेत.

१९६१ च्या नियमावलीत मालकाच्या गावात नसण्याचा मुद्दा स्पष्ट आला. मालक बाहेरच्या केचामातानमध्ये राहत असेल तर त्यानं सहा महिन्यांत जमीन तिथल्या रहिवाशाला द्यावी किंवा स्वतः तिथे राहायला जावं. शेजारच्या केचामातानला सूट, कारण तिथून शेत कसता येतं. सरकारी कामावर असलेल्यांना आणि धार्मिक कर्तव्यासाठी गेलेल्यांना सूट, म्हणजे हजला गेलेल्याची जमीन जात नाही. १९६४ च्या दुरुस्तीनं पेच आणखी आवळला. सलग दोन वर्षं गावाबाहेर राहणाऱ्यालाही जमीन सोडायला सांगितलं गेलं आणि वारसाला मालकाच्या मृत्यूनंतर एक वर्षाची मुदत मिळाली. अशी जमीन ताब्यात घेऊन वाटणाऱ्या सरकारच्या आड येणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० इंडोनेशियन रुपियापर्यंत दंड. त्या पैशांत आज फार तर एक वाटी बाक्सो (मांसाच्या गोळ्यांचं सूप) मिळेल.

हेतू वाईट नव्हता. शहरात बसून खंड खाणाऱ्या सावकार-जमीनदाराला आवर घालायचा होता. पण १९६३ नंतर भूमिहीनांनी जमिनी स्वतःहून ताब्यात घ्यायला सुरुवात केली, गावागावांत तट पडले आणि १९६५-६६ च्या कम्युनिस्टांच्या कत्तलींनंतर जमीन वाटपाचं नाव घेणंही धोक्याचं झालं. जमीन वाटपाच्या खटल्यांसाठी १९६४ मध्ये नेमलेली खास न्यायालयं १९७० मध्ये गुंडाळली गेली. नियम मात्र तसाच राहिला. जमीन वाटणारी यंत्रणा गेली आणि मालकानं गाव सोडू नये हे सांगणारं कलम उरलं, ही गोष्ट या सगळ्या चर्चेत फार कमी वेळा बोलली जाते.

नेमक्या त्याच काळात गाव सुटायला लागलं. सत्तरच्या दशकात नवी भातबियाणं आली. पूर्वी गावातल्या बायका आनी-आनी नावाच्या बोटात धरायच्या छोट्या पात्यानं एकेक लोंबी खुडत. कापणीला कुणीही यावं आणि खुडलेल्यातला वाटा घरी न्यावा, अशी रीत होती. मग शेतमालक उभं पीकच व्यापाऱ्याला विकू लागले, व्यापारी विळेवाले मजूर आणू लागला आणि त्या बायकांचं वर्षाचं धान्य बुडालं. रस्ता सुधारला, जपानी मिनीबस गावाच्या तोंडापर्यंत येऊ लागल्या. मुलं जाकार्ताला बांधकामावर, मुली कारखान्यांत, पुढे मलेशिया, हाँगकाँग, आखातात घरकामाला. सरकारी योजनेतून सुमात्रा बेटावरच्या नव्या वसाहतींत गेलेल्यांना सरकारनं सहसा २ हेक्टर दिले. शहरात गेलेल्यांकडे गावच्या पाव हेक्टरशिवाय दुसरं काही नव्हतं.

१९७७ मध्ये नियम सैल झाला, पण कुणासाठी? निवृत्त सरकारी नोकरांसाठी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला अधिकारी दूरच्या गावी, मर्यादेत का होईना, शेतजमीन घेऊ शकतो. सुराबायात बिगाऱ्याचं काम करणाऱ्याला ही सवलत नाही. नियमाच्या समर्थकांनी याचं पटेल असं उत्तर कधी दिलेलं नाही.

माणसांनी वाट काढलीच. खाचर गावातला भाऊ किंवा मेहुणा ‘मारो’वर कसतो, म्हणजे पीक अर्धं-अर्धं. खत कुणाचं, पाण्याची पाळी कुणी धरायची, हे तोंडी ठरतं. वाटेकरीचा करार लेखी हवा, तोही गावप्रमुखासमोर, असं १९६० चाच दुसरा एक कायदा म्हणतो, पण भावाशी लेखी करार करणं अपमानाचं. हिशेब होतो ईदला, ज्याला तिथे लेबारान म्हणतात. तेव्हा शहरं रिकामी होतात, मोटारसायकलच्या मागे पोरं आणि खोकी बांधून लोक गावी येतात आणि वाटण्या, विक्री, गहाण यांची बोलणी त्याच आठवड्यात उरकतात.

दुसरी वाट ओळखपत्राची. गावात चोवीस तासांहून जास्त राहणाऱ्या पाहुण्यानं वस्तीप्रमुखाकडे नोंद करावी, अशा पाट्या अजूनही गल्लीच्या तोंडाशी दिसतात. एवढी नोंदवही असूनही अनेकांकडे दोन ओळखपत्रं होती, एक शहरातलं आणि एक गावचं. जमिनीचं खरेदीखत करताना घेणाऱ्याकडून लेखी घेतात, की या खरेदीमुळे मी गैरहजर मालक ठरत नाही. गावचं ओळखपत्र पुढे केलं की सही करायला अडचण नसे. २०११ पासून एका माणसाला एकच क्रमांक असलेलं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र आलं आणि ही वाट बंद होत गेली.

त्यातच २०१७ पासून सरसकट जमीन नोंदणी सुरू झाली. देशात अंदाजे १२ कोटी ६० लाख तुकडे, सगळ्यांना प्रमाणपत्र द्यायचं असा संकल्प. करवहीचा जुना उतारा पुरावा म्हणून चालण्याची मुदतही २०२१ च्या नियमानं पाच वर्षांवर आणली. बांधावर खुंट्या ठोकताना शेजाऱ्याची सही लागते आणि मालक कुठे राहतो हा प्रश्न तिथेच निघतो. २०१८ च्या अखेरीस जाकार्ता ते सुराबाया द्रुतगती मार्ग जोडला गेला तेव्हा त्यासाठी घेतलेल्या जमिनीची भरपाई कुणाच्या नावावर, यानं या प्रश्नाला पैशाची धार आली.

बहुतेक घरांत सध्या एकच तोडगा दिसतो. प्रमाणपत्र गावात राहणाऱ्या भावंडाच्या नावावर करायचं, बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर विसंबायचं. ते भावंड हयात आहे तोवर हे चालतं. त्याची मुलं वारस म्हणून उभी राहिली की तोंडी वाटणी आठवणारे साक्षीदार उरलेले नसतात आणि मुलंही एव्हाना गाव सोडून गेलेली असतात. मग तीच एक वर्षाची मुदत त्यांनाही लागू होते.