निष्पक्ष खेळातही गरीब का हरतो?

गरिबीचं कारण विचारलं की आळस, व्यसन, अज्ञान अशी उत्तरं लगेच मिळतात. मला ती अपुरीच नव्हे, अन्यायाची वाटतात. का, ते एका खेळातून कळतं.

दोन माणसं नाणेफेक करून पैज लावतात. नाणं खरं, लबाडी शून्य, दोघं सारखेच हुशार. पैजेची रक्कम मात्र ठरलेली: ज्याची पुंजी कमी, त्याच्या पुंजीच्या 20 टक्के. गरिबाकडे 100 आहेत असं धरू. तो जिंकला, 120 झाले. पुढची पैज 24 ची. ती हरला, उरले 96. आधी हरून मग जिंकला तरी 96 च. एक जीत, एक हार, आणि तरी 4 गेले! अशा 10 जिती आणि 10 हारींनंतर त्याच्याकडे जेमतेम 66 उरतात. बाकीचे समोरच्याकडे गेले, आणि त्याच्याकडे 10,000 असतील तर त्याला ते जाणवणारही नाहीत.

भौतिकशास्त्रज्ञ अनिर्बाण चक्रवर्ती यांनी 2002 मध्ये अशाच देवघेवीचं गणित मांडलं. सगळ्यांना समान पैसे देऊन सुरुवात केली तरी अखेर जवळपास सगळी संपत्ती एकाच हाती गोळा होते. त्या एकाचं कर्तृत्व काय? सुरुवातीला नशिबानं दिलेली साथ, बस्स.

खऱ्या जगात यावर जमिनीची मालकी, वारसा, जात, वंश, लिंग यांचा भार पडतो. कर्जही गरिबालाच महाग मिळतं.

पण माणसं खरंच त्यांच्या कुवतीमुळे गरीब राहत असतील तर? बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 2007 पासून अतिगरीब बायकांना गायी दिल्या, आणि संशोधकांनी पुढची 11 वर्षं त्या कुटुंबांचा माग ठेवला. गाय मिळाल्यावर ज्यांची एकूण मालमत्ता एका उंबरठ्यापलीकडे गेली, त्या वर चढत राहिल्या. ज्या थोडक्यात अलीकडे राहिल्या, त्या पुन्हा घसरल्या. बहुतेक जणींमध्ये अधिक कमाईचं काम करण्याची क्षमता होती, असंही या अभ्यासात दिसलं. कमी पडलं ते भांडवल.

नाणेफेकीच्या खेळात एक छोटी भर घातली तर चित्र पालटतं. दर फेरीनंतर सरासरीपेक्षा श्रीमंत असलेल्यांकडून थोडा हिस्सा घेऊन तो खालच्यांना द्यायचा. विषमता मग उरते, पण सगळं एकाच्या घशात जाणं थांबतं.