रोमिंगमधील प्रमाणीकरण विलंब

मोबाईल एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरला की नवे जाळे इंटरनेट देण्याआधी सिमची ओळख पटवून घेते. या पडताळणीत जाणारा वेळ म्हणजे प्रमाणीकरण विलंब. खानदेशात तो समजून घ्यायला नवापूरचे रेल्वे स्थानक बरे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरचे कार्यालय गुजरातेत. राज्याची सीमा फलाटावरूनच जाते. दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात ही दोन वेगळी सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्रे, आहेत. शिरपूरहून सेंधव्याकडे किंवा रावेरहून बऱ्हाणपूरकडे निघाले, की मध्य प्रदेशाचे तिसरे. नवापूरच्या बाकावर बसल्या जागीही फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा.

सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. तिची जोडप्रत फक्त मूळ जाळ्याच्या, म्हणजे ज्या कंपनीचे सिम तिच्या जाळ्याच्या, प्रमाणीकरण केंद्रात राहते, परक्या जाळ्याला ती कधीच मिळत नाही. म्हणून परके जाळे मूळ जाळ्याकडून एक संच मागवते : १२८ बिटांची यादृच्छिक संख्या, तिचे अपेक्षित उत्तर आणि पुढच्या संभाषणासाठी किल्ल्या. संख्या फोनला पाठवली जाते, सिम उत्तर काढते, ते जुळले की दार उघडते. गणिताला वेळ लागतच नाही म्हटले तरी चालेल. वेळ खातो तो मूळ जाळ्यापर्यंतचा हेलपाटा. बोलणे सहज वाटायला आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोचावा लागतो. चालू कॉलमध्ये असा हेलपाटा आला तर तो लगेच जाणवतो.

त्यामुळे बहुतेक उपाय हेलपाटा टाळण्याचेच आहेत. २जी-३जीमध्ये एकदम अनेक संच मागवून ठेवता येत. पण ३जीतल्या संचांना क्रमांक असतो. साठवलेला संच जुना निघाला तर सिम तो नाकारते आणि वाचवलेला हेलपाटा उलट वाढतो. ४जीने मार्ग बदलला : संच एकच घ्यायचा आणि त्यातल्या मुख्य किल्लीपासून पुढच्या किल्ल्या जागेवरच तयार करायच्या. टॉवर बदलताना नवी किल्ली जुनीपासून एकेरी गणिताने निघते, त्यामुळे नव्या टॉवरला जुनी उलगडता येत नाही. अनेक टॉवर सांभाळणारे जाळ्याचे केंद्र बदलले तर फोन आपली तात्पुरती ओळख सांगतो आणि नवे केंद्र जुन्याकडून माहिती घेते. एका कंपनीच्या दोन केंद्रांत हे सोपे. दोन कंपन्यांत तसा करार नसेल तर सगळे पहिल्यापासून.

वाय-फायमध्ये एका केंद्रबिंदूवरून (अ‍ॅक्सेस पॉइंट) दुसऱ्यावर जाताना पडताळणी झटपट व्हावी म्हणून २००८ मध्ये ८०२.११आर हे मानक आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका इंटरनेट मानकाने फेरपडताळणी जवळच्या सर्व्हरकडून, एकाच फेरीत करण्याची सोय दिली. २०१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

तोरणमाळच्या वाटेवर कड्याआड गेलेला फोन मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे रेंजच नसते, पडताळणीला दोष देऊन उपयोग नाही.

हेलपाटा टाळण्याच्या बाबतीत ५जीने एक पाऊल मागे घेतले आहे, आणि ते जाणूनबुजून. पूर्ण पडताळणीत फोनचे उत्तर आता मूळ जाळेही तपासते, कारण ग्राहक आपल्याकडे आल्याचा खोटा दावा परके जाळे करू शकते.