बहुसंवेदी भोजन

जिभेच्या जोडीने नाक, कान, डोळे आणि त्वचा यांनाही ठरवून कामाला लावणारे, त्यांचे कधी सूत जुळवणारे तर कधी त्यांना एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला लावणारे जेवण. ही महागड्या उपाहारगृहांतील ‘फाइन डायनिंग’ची एक शाखा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती युरोपात रुजली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शिकागो, शांघाय, बँकॉकपर्यंत पोहोचली.

व्याख्या करताना अडचण येते ती अशी, की एकाच इंद्रियाने कुणीच जेवत नाही. फोडणीचा चर्र आवाज, वाफाळत्या भातावर पडलेल्या तुपाचा वास, पापड मोडताना बोटांना लागणारा कडकपणा, हे सारे रोजच्या ताटातही असते. फरक अपेक्षेत आहे. एका इंद्रियाने मनात बांधलेली अपेक्षा दुसऱ्याकडून पुरी करून घ्यायची की मोडायची, हे इथे शेफ आधी ठरवतो आणि मग पदार्थ रचतो.

शंख आणि वाळू

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील बर्कशर परगण्यातल्या ब्रे या गावचे आहे. तिथल्या ‘द फॅट डक’ या उपाहारगृहात २००७ मध्ये ‘साउंड ऑफ द सी’ नावाचा पदार्थ वाढला जाऊ लागला. आधी टेबलावर येतो तो एक मोठा शंख. त्यातून इअरफोनच्या वायरी लोंबत असतात, आत छोटा आयपॉड असतो. पाहुण्याने इअरफोन कानात घातले की किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा आणि मधूनच ओरडणारे समुद्रपक्षी ऐकू येतात. मग खऱ्या वाळूची पेटी येते. तिच्यावर काच, काचेवर खाण्याची ‘वाळू’, वाळूच्या कडेला फेस, आणि त्यात कच्चे मासे, शिंपले, समुद्री शेवाळ. फेस खाऱ्या रश्शाचा असतो. वाळूची गंमत आपल्याला चटकन कळण्यासारखी आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कंदाच्या पिठापासून काढलेले माल्टोडेक्स्ट्रिन तेलात कालवले, की तेलाची कोरडी भुकटी होते. ती जिभेवर पडताच विरते.

हा पदार्थ योजणारे हेस्टन ब्लूमेंथाल (जन्म १९६६) कोणत्याही पाकशाळेत शिकलेले नाहीत. सोळाव्या वर्षाच्या आसपास आईवडिलांबरोबर दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात एका नामांकित उपाहारगृहात ते जेवले. त्या जेवणाबद्दल बोलताना ते पदार्थांइतकेच रातकिड्यांच्या किरकिरीबद्दल, कारंज्याच्या आवाजाबद्दल आणि लॅव्हेंडरच्या वासाबद्दल बोलतात. पुढे पुस्तके वाचून स्वयंपाक शिकून त्यांनी १९९५ मध्ये ब्रे इथे एक जुना पब घेतला आणि साध्या फ्रेंच धाटणीचे उपाहारगृह सुरू केले. २००४ मध्ये त्याला मिशेलिन या उपाहारगृह-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा तारा मिळाला. शंखातला समुद्र हे एका अर्थी प्रोव्हान्सच्या त्या संध्याकाळचेच पुढचे पाऊल म्हणता येईल. ऐकता ऐकता काही पाहुण्यांचे डोळे भरून येतात, असे ब्लूमेंथाल यांनी सांगितले आहे. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. इअरफोन घातले की टेबलावरच्या गप्पा थांबतात. समोरासमोर बसलेले दोघे आपापल्या किनाऱ्यावर एकटे असतात.

पदार्थ मेनूत आला त्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांच्याबरोबर एक प्रयोग झाला होता. लोकांना कालवे खायला देऊन कधी समुद्राचा, तर कधी खुराड्यातल्या कोंबड्यांचा आवाज ऐकवला. समुद्र ऐकताना कालवे जास्त आवडली. ती जास्त खारट मात्र लागली नाहीत, आणि हे महत्त्वाचे आहे. आवाजाने मिठाचे माप वाढले नव्हते, वाढली होती ती आवड.

चव कुठे तयार होते

वेलदोड्याचा दाणा नाक घट्ट धरून चावून पाहावा. थोडा कडवटपणा, थोडी झणझण, बस्स. नाक सोडताच एकदम वेलदोडा ‘येतो’. घास चावताना त्यातला वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि मेंदू तो जिभेच्या खात्यावर जमा करतो. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग असा नाकाने कमावलेला असतो.

शरीरशास्त्राच्या हिशेबाने जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मुरलेल्या रश्शाची भरीव, रुचकर चव) या पाच चवी कळतात. उमामीचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये लावला. आयुर्वेदातल्या षड्रसांपैकी तिखट आणि तुरट हे दोन या यादीत बसत नाहीत. मिरचीचा तिखटपणा म्हणजे उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना मिळालेली चेतावणी. तुरटपणा म्हणजे तोंडातले ओशट अस्तर खरखरीत झाल्याचा स्पर्श. पण जेवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सहाचा हिशेबच जास्त प्रामाणिक वाटतो, कारण कोणती संवेदना कोणत्या मज्जातंतूने आणली याची चौकशी घास घेताना कुणी करत नाही.

कानाचे काम दाखवणारा प्रयोग स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. बटाट्याचे वेफर चावताना होणारा आवाज मायक्रोफोनने उचलून, त्यात फेरफार करून, तो खाणाऱ्यालाच हेडफोनमधून ऐकवला. कुरकुर मोठी आणि धारदार केली की तोच वेफर जास्त ताजा, जास्त कुरकुरीत वाटे. या कामाला २००८ मध्ये इग नोबेल मिळाले. हे पारितोषिक हसवते आणि मग विचार करायला लावते, आणि इथे दोन्ही झाले. सादळलेला चिवडा तोंडात टाकताच आपण तोंड वाकडे करतो तेव्हा बिघडलेला असतो तो मुख्यतः आवाज.

डोळ्यांची दादागिरी याहून मोठी आहे. फ्रान्समधील बोर्दो इथे पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग घालून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दांचेही तसेच. स्मोक्ड सामन माशाचे गुलाबी आइस्क्रीम काहींना ‘आइस्क्रीम’ म्हणून दिले आणि काहींना ‘गोठवलेले खारे मूस’ (मूस म्हणजे फेटून हलका केलेला पदार्थ) म्हणून. पदार्थ एकच. पहिल्या गटाला तो फार खारट लागला आणि आवडला नाही. २००८ च्या या अभ्यासात ब्लूमेंथालही सहभागी होते. याची घरगुती प्रचिती बहुतेकांना आलेली असते : उपमा समजून घेतलेला घास शिऱ्याचा निघाला, तर शिरा कितीही छान असो, क्षणभर काहीतरी नासले आहे असेच वाटते.

फॅट डकमधली एक छोटी खोडी याच तत्त्वावर उभी आहे. बशीत जेलीचे दोन चौकोन येतात, एक नारिंगी, एक जांभळट लाल. वेटर सुचवतो, संत्र्यापासून सुरुवात करा. पाहुणा साहजिकच नारिंगी तुकडा उचलतो आणि त्याला बिटाची चव लागते. तो पिवळ्या बिटाचा असतो, आणि लाल तुकडा लाल गराच्या संत्र्याचा. कुणीही खोटे बोललेले नसते.

आधीचे खेळ

जेवणात डोळ्यांना चकवणे जुनेच आहे. लखनौची एक कथा प्रसिद्ध आहे. नवाब वाजिद अली शाह याने दिल्लीच्या एका शहजाद्याला जेवायला बोलावले आणि मुरंबा वाढला. तोंडात गेल्यावर कळले, तो मांसाचा कोर्मा आहे. शहजाद्याने काही दिवसांनी परतफेड केली. त्याच्या दस्तरख्वानावरचे पुलाव, कबाब, रोट्या, फार काय ताटल्याही साखरेच्या निघाल्या. मयसभाच ती, फक्त इथे दुर्योधन घसरून पडत नाही, हसतो. मध्ययुगीन युरोपात मांसाचे गोळे फळांसारखे सजवत. त्या परंपरेवरून ब्लूमेंथाल यांच्या लंडनमधल्या ‘डिनर’ या उपाहारगृहात (स्थापना २०११) हुबेहूब संत्र्यासारखे दिसणारे कोंबडीच्या काळजाचे पार्फे, म्हणजे मऊ गुळगुळीत वाटण, मिळते.

सर्व इंद्रियांना एकदम कामाला लावण्याचा पहिला जाहीर कार्यक्रम इटलीतल्या फ्यूचरिस्टांचा, म्हणजे यंत्र आणि वेग यांचे गोडवे गाणाऱ्या कलावंतांच्या गटाचा. कवी फिलिप्पो मारिनेत्ती यांनी डिसेंबर १९३० मध्ये पाककलेचा जाहीरनामा काढून पास्त्याविरुद्ध युद्ध पुकारले. पास्ता खाऊन इटालियन माणूस सुस्त होतो, हा त्यांचा आरोप. मार्च १९३१ मध्ये तोरिनो शहरात या मंडळींचे उपाहारगृह उघडले. त्यांच्या एका पदार्थात पाहुणा उजव्या हाताने ऑलिव्ह, बडीशेपेचा कोवळा कांदा आणि कमक्वाट हे इवलेसे संत्रे खाई, डाव्या हाताने सँडपेपर, रेशीम आणि मखमल कुरवाळी. मागून वेटर त्याच्या मानेवर कार्नेशनचे अत्तर उडवी आणि विमानाच्या इंजिनाची घरघर चालू असे. पोट भरणे हा हेतू नव्हताच. शिवाय या गटाची फॅसिस्टांशी जवळीक होती, त्यामुळे आजचे शेफ हे मूळ सांगताना जरा अडखळतात.

प्रयोगशाळेतली साधने स्वयंपाकघरात आणण्याचे श्रेय भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती आणि रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे तीस यांच्याकडे जाते. १९८८ मध्ये त्यांनी आण्विक पाकशास्त्राला, म्हणजे स्वयंपाकात घडणाऱ्या भौतिक-रासायनिक बदलांच्या अभ्यासाला, नाव दिले. स्पेनमधल्या रोसेस गावाजवळच्या ‘एल बुली’त फेरान आद्रिया यांनी रसाच्या गोळ्या, फेस आणि भुकट्या यांची भाषा घडवली. २०११ मध्ये ते बंद झाले, पण तिथे उमेदवारी केलेले शेफ जगभर पसरले.

दिवे घालवल्यावर

उलट दिशेचा प्रयोग म्हणजे अंधारातले जेवण. झुरिकमध्ये १९९९ साली ‘ब्लिंडेकू’ सुरू झाले. या जर्मन शब्दाचा अर्थ आंधळी कोशिंबीर. कल्पना श्पीलमान या अंध पाद्र्याची. त्यांच्या घरी जेवायला आलेले पाहुणे डोळ्यांवर पट्टी बांधून जेवत, त्यातून ती सुचली. पॅरिसमध्ये २००४ पासून ‘दां ल न्वार’ आहे. पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, दृष्टिहीन वाढप्यामागे रांगेने मिट्ट काळोखात शिरतात. पाण्याचा पेला कुठे आहे इथपासून सगळे त्याला विचारावे लागते. रोज रस्ता विचारणारा इथे वाटाड्या असतो, आणि या जागांचे खरे वैशिष्ट्य चवीपेक्षा या अदलाबदलीत आहे. काट्याला काही लागेना की बरेच जण मुकाट्याने बोटांनी खायला लागतात. हाताने जेवणाऱ्याची इथे निम्मी अडचण कमी; भात गरम आहे की निवला, हे बोटांना जिभेच्या आधी कळलेले असते.

उशी, फुगा आणि हरवलेली जीभ

शिकागोमध्ये ग्रँट अॅकाट्झ यांनी २००५ मध्ये ‘अलिनिया’ उघडले. तिथे लॅव्हेंडरच्या वासाची हवा भरलेल्या उशीवर बशी ठेवत. बशीच्या वजनाने उशी हळूहळू दबे आणि जेवण चालू असेपर्यंत वास झिरपत राही. हिरव्या सफरचंदाच्या चवीचा, हेलियम भरलेला, खाण्याचा फुगाही त्यांचाच. तो चोखला की मोठमोठ्या माणसांचा आवाज चिरका होतो.

२००७ मध्ये अॅकाट्झ यांना जिभेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तोही चौथ्या टप्प्यातला. जीभ काढावी लागेल असे सांगितले गेले असताना शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांनी केमोथेरपी आणि किरणोपचारांनी ती वाचवली, पण चव गेली. त्या काळात ते नाकावर आणि सहकाऱ्यांच्या जिभेवर विसंबून स्वयंपाकघर चालवत राहिले. चव परतली ती एकदम नाही. आधी गोड आले, बाकीच्या चवी मागाहून. एकेक चव सुटी सुटी भेटल्यामुळे त्या एकमेकींना कशा सावरतात हे नव्याने कळले, असे त्यांनी सांगितले आहे.

भिंतींवरचे समुद्र

पुढचा टप्पा पडद्यांचा. पॉल पेरे यांचे शांघायमधील ‘अल्ट्राव्हायोलेट’ (२०१२–२०२५) म्हणजे पत्ता गुप्त असलेली एक खोली, दहा खुर्च्यांचे एकच टेबल आणि वीसेक पदार्थ. प्रत्येक पदार्थाबरोबर भिंतींवरची दृश्ये, संगीत आणि वास बदलत. इबिसा बेटावरचे ‘सब्लिमोशन’ (२०१४) आणि कोपनहेगनचे ‘अल्केमिस्ट’ही याच वाटेवरचे, अल्केमिस्टमध्ये तारांगणासारख्या घुमटाखाली जेवतात. पेरे यांचे काम सोडले तर या प्रकारात प्रोजेक्टरची सरशी होते. शंखात समुद्र फक्त कानात असतो आणि उरलेला किनारा खाणाऱ्याने स्वतःच्या आठवणीतून आणायचा असतो. भिंतीवर अख्खा समुद्र दाखवला की आठवणीला काम उरत नाही.

भारतीय वळण

कोलकात्यात जन्मलेले गगन आनंद एल बुलीत काही काळ शिकून आले आणि २०१० मध्ये त्यांनी बँकॉकमध्ये ‘गगन’ सुरू केले. पातळ आवरणात बंद केलेला दह्याचा गोळा तोंडात फुटे आणि पापडी चाटची आठवण येई. मेनूवर शब्दांऐवजी नुसत्या इमोजी असत. एक पदार्थ तर मोठ्याने रॉक संगीत लावून, ताटली उचलून, जिभेने चाटायचा असे. जे केल्याबद्दल लहानपणी धपाटा खाल्ला, त्याचे इथे पैसे मोजायचे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मसाला लायब्ररी’ने २०१३ पासून हे तंत्र भारतीय पदार्थांना लावले. तिथला भर धूर, फेस आणि मांडणी यांवर, म्हणजे मुख्यतः डोळ्यांवर आहे.

ताटाभोवतीची रांगोळी, उदबत्ती, केळीच्या पानावर गरम भात पडताच उठणारा वास आणि ‘वदनि कवळ घेता’चा एका सुरातला आवाज पाहता आपली पंगत बहुसंवेदीच होती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. पंगतीत सगळी इंद्रिये एकच गोष्ट सांगतात आणि सगळ्यांना एकदम सांगतात. चकवा कुठेच नसतो.

आक्षेप

पहिला आक्षेप किमतीचा. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलेल्या फॅट डकमध्ये पेये आणि सेवाशुल्क सोडून माणशी २५५ पौंड पडत, तेही आगाऊ. दुसरा आक्षेप पोटाशी संबंधित आहे. २००९ च्या सुरुवातीला तिथे जेवलेल्या पाचशेहून अधिक लोकांनी उलट्या-जुलाबांची तक्रार केली आणि उपाहारगृह काही काळ बंद ठेवावे लागले. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेच्या तपासात कारण निघाले नोरोव्हायरस, आणि बोट दाखवले गेले ते दूषित कालवांकडे. या विषाणूमुळे कालवाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चवीतही काही कळत नाही.