धर्मगुरू म्हणजे ब्रह्मचारीच?

‘ख्रिस्ती धर्मगुरूंना लग्न करता येत नाही, बायबलमध्येच तसं लिहिलंय,’ असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. सिनेमातल्या पांढऱ्या झग्यातल्या फादरची ही कृपा असावी. बायबलात तर येशू आपला शिष्य पेत्र याच्या सासूचा ताप उतरवतो. सासू होती म्हणजे बायको आलीच की! रोमन कॅथलिक चर्चने लग्नाची ही बंदी पक्की केली ती ११३९ च्या लॅटरन परिषदेत, म्हणजे रोममधल्या धर्मसभेत. संसार नसलेला माणूस पूर्णपणे देवाचा, ही त्यामागची धारणा. शिवाय चर्चच्या जमिनी पोराबाळांच्या नावावर जाऊ नयेत, हा रोकडा व्यवहारही होताच.

रोमपासून फुटून प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या लेखी मात्र संसार हीसुद्धा ईश्वरसेवाच. १५२५ मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या जोगिणीशी, काटारिना फॉन बोराशी लग्न केलं. ती घरी बिअर गाळायची, गुरं सांभाळायची, विद्यार्थ्यांना जेवू घालायची. प्रोटेस्टंट पंथात पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, बायको चर्चमधल्या भाविकांचा आधार बनली, ती या वळणाने.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मधला मार्ग धरला: विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो, बिशप, म्हणजे वरचा धर्माधिकारी, मात्र अविवाहितच.

१९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बिशपही संसारी असू शकतो. वसईतल्या कॅथलिक फादरना ती मुभा नाही.