कायद्यातली पीएचडी : वकिलांच्या टेबलापासून यूजीसीच्या नियमांपर्यंत

कायद्यात पीएचडी करायची म्हटले की बोलणे पेट म्हणजे प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा आणि गाइड याभोवतीच फिरते. पण कायद्यातली डॉक्टरेट आपल्याकडे रुजली ती कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे.

कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष १८८४ मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले, आशुतोष मुखर्जी १८९४ मध्ये. गुरुदास बॅनर्जी त्यांच्याही आधी. प्रसन्नकुमार टागोर यांच्या देणगीतून तिथे कायद्यावरची व्याख्यानमाला चाले. घोष यांनी त्यात गहाणाचा कायदा मांडला, बॅनर्जींनी हिंदू विवाह आणि स्त्रीधन. दोन्ही व्याख्यानांची पुस्तके झाली आणि वकिलांनी ती वापरली. अशिलाची अडचण रोज हाताळणाऱ्यानेच त्यामागचे तत्त्व शोधावे, ही रीत मला आजही सर्वांत मोलाची वाटते. राधाविनोद पाल यांना १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळाली, मनुस्मृतीपूर्व काळातल्या हिंदू विधिविचारावर. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सगळे आरोपी निर्दोष ठरवणारे हजारावर पानांचे भिन्नमत लिहिणारे न्यायाधीश ते हेच.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूट निघाली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ. पूर्णवेळ शिकवणारा आणि संशोधन करणारा प्राध्यापक हा वर्ग खऱ्या अर्थाने तेव्हापासून वाढला. महाराष्ट्राने अशा विद्यापीठांचा कायदा २०१४ मध्ये केला.

मग पदवी नोकरीला जोडली गेली. २००९ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क आणले. २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागातल्या सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची झाली. ती सक्ती आधी पुढे ढकलली आणि २०२३ मध्ये मागे घेतली. नोकरीच्या धास्तीने घाईघाईत विषय नोंदवलेल्यांवर हा अन्यायच झाला. २०२४ पासून नेटचे, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात.

सध्या लागू असलेल्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती नाही, हे चांगले झाले. पण प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा संशोधक घेता येत नाही. विधी विभागात पूर्णवेळ शिक्षक मोजकेच असले की नेट झाली, मुलाखत झाली, तरी आपल्या विषयाच्या गाइडकडे जागा नसते, आणि मग विषयच बदलावा लागतो.